स्पॉन्सरशिप वेगळी, आफ्टर केअर वेगळं: बाल आशीर्वाद योजनेतली गल्लत

इंदूरमध्ये एखाद्या अनाथ मुलाचा बारावीचा निकाल लागला की नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाई एकच सांगतात: बाल आशीर्वादचा फॉर्म भरा, कॉलेजचा खर्च निघेल. सल्ला मनापासूनचा असतो, पण अपुरा. मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेत दोन वेगळ्या मदती आहेत. स्पॉन्सरशिप अठराव्या वर्षी थांबते. आफ्टर केअर अठरानंतर सुरू होतं. आणि पहिली मदत घेणारं मूल आपोआप दुसरीत जात नाही.

स्पॉन्सरशिप आहे ती घरात वाढणाऱ्या मुलासाठी. आई-वडील दोघंही वारलेले, मूल आजी, मावशी, काका किंवा दुसऱ्या एखाद्या संरक्षकाकडे, वय अठराच्या आत. महिन्याला ४,००० रुपये मिळतात आणि ते मूल व सांभाळणारी व्यक्ती यांच्या संयुक्त खात्यात जमा होतात. मुख्यमंत्री कोविड-१९ बाल सेवा योजनेत बसणारी मुलं इथे धरत नाहीत. त्यांची वाट निराळी.

आफ्टर केअर आहे ते बालगृहासारख्या संस्थेत वाढून अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्यांसाठी. संस्था सोडण्याचं वर्ष धरून तिथे सलग पाच वर्षं राहिलेलं असणं ही मूळ अट. यात तीन वाटा आहेत. कारखान्यात किंवा एखाद्या प्रतिष्ठानात इंटर्नशिप केली तर महिना ५,००० रुपये, जास्तीत जास्त एक वर्ष. आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट अशा प्रशिक्षणासाठी तेवढेच पैसे, दोन वर्षांपर्यंत. आणि नीट, जेईई किंवा क्लॅट (कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा) देऊन प्रवेश मिळवला तर शिक्षण चालू असेपर्यंत महिना ५,००० ते ८,००० रुपये, शिवाय फी. या योजनेत वयाची कमाल मर्यादा २४.

म्हणजे दोन्हींमधली रेषा अनाथपणावरून आखलेली नाही. अठरा पूर्ण होताना मूल कुठे राहत होतं, यावर सगळं ठरतं. म्हणून एक निर्णय फार जपून घ्यावा लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बालगृहातून एखाद्या नातेवाइकाकडे पाठवायचं ठरतं; त्यामागे बहुतेकदा माया असते, कधी महिन्याच्या चार हजारांचाही विचार असतो. घर मिळणं ही मोठीच गोष्ट आहे आणि ते खरोखर मिळत असेल तर आडकाठी करू नये. पण हे पैसे वर्षा-दोन वर्षांत थांबतील आणि संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला मिळणारा आफ्टर केअरचा दावाही कदाचित उरणार नाही, हे त्या मुलाला आणि नातेवाइकाला आधी स्पष्ट सांगायला हवं. काका फी भरणार आहेत का, अभ्यासाला जागा देणार आहेत का, हे तेव्हाच विचारलेलं बरं.

फॉस्टर केअरमधली, म्हणजे तात्पुरत्या पालक-कुटुंबात ठेवलेली मुलं या रेषेवर नेमकी अडकतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यात फॉस्टर केअर कलम ४४ मध्ये, स्पॉन्सरशिप ४५ मध्ये आणि आफ्टर केअर ४६ मध्ये आहे. कायद्यातली आफ्टर केअरची व्याख्या संस्थात्मक देखभालीतून बाहेर पडलेल्या १८ ते २१ वयाच्या व्यक्तींबद्दल बोलते. नियमांत अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं देता येतात. कुटुंबात राहून अठरा झालेल्या मुलीला या व्याख्येचा आधार घेणं अवघड जातं. तेव्हा ती सतरा वर्षांची असतानाच बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) लेखी अर्ज द्यावा: आधी कोणत्या संस्थेत किती काळ होती, कुटुंबात कोणत्या आदेशाने गेली, पुढे काय शिकणार. उत्तरही लेखीच घ्यावं. तोंडी दिलेला होकार कॉलेजच्या काउंटरवर चालत नाही.

दुसरी अडचण साध्या पदवीची. बीए, बीकॉम, बीएस्सीला जाणारी मुलं वरच्या तीन वाटांपैकी एकीतही नीट बसत नाहीत. त्यांनी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या आफ्टर केअरबद्दल विचारावं. तिथे महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. दोन्ही योजनांचं काम जिल्हा बाल संरक्षण युनिटकडेच असतं, त्यामुळे अर्जात योजनेचं पूर्ण नाव लिहावं. फी वेगळी सोडवावी लागते. मध्य प्रदेश सरकारच्या, फी भरणाऱ्या मेधावी विद्यार्थी योजनेसाठी मध्य प्रदेश बोर्डाचे ७० टक्के किंवा सीबीएसईचे ८५ टक्के गुण लागतात. एआयसीटीई-मान्य (तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) संस्थेत पदवी किंवा डिप्लोमा करणाऱ्या अनाथ विद्यार्थ्यांसाठी स्वनाथ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये.

पुण्या-नाशिककडच्या नातेवाइकांचा सल्ला मात्र इथे जसाच्या तसा लागू होत नाही. बालसंगोपन योजना, अनुरक्षणगृह (अठरानंतर राहण्याची सोय), २०१८ पासूनचं अनाथांचं १ टक्का आरक्षण, हे सगळं महाराष्ट्र सरकारचं आहे.

आता तयारी. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा तयार होऊन समितीसमोर जायला हवा, असं नियम सांगतात. त्यात राहण्याची सोय, शिक्षण आणि खर्च या तिन्हींबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघावं. "पुढील शिक्षणास मदत करावी" एवढंच वाक्य असलेला आराखडा पुढे काही कामाचा नसतो.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त त्रास नावांचा होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आई-वडिलांची जी नावं आहेत तीच सीयूईटी या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या अर्जात, ई-प्रवेश या राज्याच्या कॉलेज प्रवेश पोर्टलवरच्या नोंदणीत आणि शिष्यवृत्तीत लिहावीत. संस्थेच्या नोंदवहीत एक, गुणपत्रिकेवर दुसरं आणि आधारवर तिसरं अशी स्थिती असते, आणि ते उघडकीला येतं प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब आणि व्यक्तीचा ओळख क्रमांक, तोही तपासावा. कुटुंबाचा ८ अंकी असतो, व्यक्तीचा ९ अंकी. मूल संस्थेच्या समग्र कुटुंबात असेल तर बाहेर पडल्यावर ते वेगळं करून घ्यावं लागतं आणि आधारची ई-केवायसी पुन्हा करावी लागते. मूळ निवासी आणि जातीचा दाखला शक्यतो संस्थेत असतानाच काढावा, कारण त्यासाठी लागणारं पत्र अधीक्षक तेव्हा सहज देतात.

बँकेचं खातं हा वेगळा विषय. अल्पवयीन मुलाचं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि सहीचा नमुना दिल्याशिवाय चालवता येत नाही. आफ्टर केअरचे पैसे मुलाच्या स्वतःच्या खात्यात येतात, संयुक्त खात्यात नाही. वाढदिवसानंतरच्या आठवड्यातच बँकेत जाऊन हे उरकावं आणि आधार त्याच खात्याला जोडलंय ना ते विचारावं. आधार जुन्या खात्याला जोडलेलं राहिलं तर पैसे तिकडे जातात किंवा परत जातात, आणि ते कळायला महिने लागतात.

देवी अहिल्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर आणि होळकर सायन्स कॉलेज भंवरकुआं भागात, त्यामुळे बाहेरची बहुतेक मुलं तिथेच खोली शोधतात. घरमालक भाड्याबरोबर आगाऊ रक्कम मागतो आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते. सरकारी मदतीचा पहिला हप्ता तोवर आलेला नसतो. पहिल्या तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण यांची सोय ओळखीच्या कुटुंबांनी किंवा ट्रस्टने आधीच बाजूला काढून ठेवावी. मदत करायची इच्छा असणाऱ्यांसाठी ही सगळ्यात उपयोगी जागा आहे. वह्या-पुस्तकं पुष्कळ लोक देतात, भाडं कुणी देत नाही.

प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर विद्यार्थ्याबरोबर पालकाचीही सही लागते. ती कोण करणार हे आधीच ठरवावं. संस्थेचे अधीक्षक किंवा स्थानिक पालक म्हणून उभं राहणारं एखादं कुटुंब चालेल का, ते कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावं. हॉस्टेल निवडताना आणखी एक गोष्ट विचारावी: दिवाळीत आणि उन्हाळ्यात खोली बंद करतात का? बाकीची मुलं घरी जातात, या मुलाला तेवढे दिवस दुसरी खोली लागते. ते दिवस आराखड्यातच लिहून घ्यावेत, कुणाकडे राहणार त्या नावासकट.