कॉलबॅकमधूनच इव्हेंट काढायचा तर : पार्श्वभूमी

एकाच वेळी अनेक कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये एखाद्या कनेक्शनवर काही घडलं (इव्हेंट) की त्यासाठी आधी नेमून दिलेलं फंक्शन (कॉलबॅक) चालतं. कुठे काही घडलं हे विचारणारा सिलेक्ट हा कॉल १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीबरोबर आला. त्यात डिस्क्रिप्टरचा (उघड्या कनेक्शनच्या क्रमांकांचा) संच लूपच्या दर फेरीला नव्याने भरावा लागे. काम कंटाळवाणं होतं, पण जुनी नोंद मागे राहायची भीती कमी. २००० मध्ये केक्यू आणि २००२ मध्ये लिनक्सच्या २.५ मालिकेत ईपोल या याच कामाच्या नव्या सोयी आल्यावर नोंदी कर्नलमध्येच (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) टिकू लागल्या. हजारो कनेक्शन सांभाळणं परवडू लागलं, आणि नोंद नेमकी कधी संपते हा प्रश्न कॉलबॅक लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडला.

ईपोलच्या मॅन पेजमध्ये (माहितीपुस्तिकेच्या पानात) याचं चांगलं उदाहरण आहे. एका फेरीत १०० इव्हेंट हाती आले. ४७व्या इव्हेंटचं काम करताना १३व्याचा डिस्क्रिप्टर बंद करावा लागला, तर त्याच्या नावाचा इव्हेंट हातातल्या यादीत अजून असू शकतो. म्हणून त्याची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्चरवर ‘काढलं’ अशी खूण करायची, ते साफसफाईच्या यादीत टाकायचं आणि मेमरी नंतर सोडायची.

इव्हेंट हाताळणाऱ्या लिबइव्हेंट या लायब्ररीमध्ये इव्हेंट मुळात एकदाच चालतो. कॉलबॅक सुरू होण्याआधीच तो प्रतीक्षेतून बाहेर पडतो. पुन्हा हवा असेल तर कॉलबॅकमधूनच इव्हेंट-ॲड करायचं (नोंद पुन्हा घालायची), किंवा आधीच पर्सिस्ट फ्लॅग (नोंद टिकवणारी खूण) लावायचा. पर्सिस्ट असेल तर थांबवण्यासाठी आतूनच इव्हेंट-डेल, म्हणजे नोंद काढणं. ॲड राहून गेलं तर एरर येत नाही, कनेक्शन नुसतं गप्प बसतं.

खरा वाद इव्हेंट-डेलचाच. स्वतःच्याच कॉलबॅकमधून बोलावलं तर ते लगेच परततं. पण २०१० च्या २.० आवृत्तीत थ्रेडचा (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांचा) आधार पक्का झाला आणि दुसऱ्या थ्रेडमधून केलेलं डेल, चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबू लागलं. हेतू रास्त होता: डेल परतलं की मेमरी बिनधास्त सोडता यावी. पण डेल करणाऱ्याने एखादं लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरलेलं असेल आणि कॉलबॅक त्याच लॉकसाठी थांबला असेल, तर डेडलॉक ठरलेला, म्हणजे दोघंही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. दोघंही आपापल्या जागी नियमानेच वागत असल्याने असा दोष शोधणं फार जड जातं. माझ्या मते हमी योग्य होती, पण ती न मागता सगळ्यांना द्यायला नको होती. २.१ मध्ये न थांबणारं डेल आलं, आणि फायनलाइझची सोयही: इव्हेंट कुठल्याही थ्रेडच्या वापरात उरला नाही की शेवटचा कॉलबॅक चालतो, मेमरी तिथे सोडायची. जुनं वर्तन मात्र तसंच ठेवलं, त्यामुळे जुन्या प्रोग्रामना ही सुटका आपोआप मिळत नाही.

लिबयूव्ही या तशाच दुसऱ्या लायब्ररीने हा घोळ सुरुवातीलाच टाळला. तिथे क्लोज लगेच परततं, पण हँडलची (लूपमध्ये नोंदलेल्या वस्तूची) मेमरी क्लोजचा कॉलबॅक येईपर्यंत सोडायची नाही. लिनक्समधल्या २०१९ च्या आयओ-यूरिंग या सोयीमध्येही रद्द करणं ही फक्त विनंती असते. तिचा निकाल वेगळा, मूळ कामाचा वेगळा, आणि मूळ कामाचा निकाल येईपर्यंत बफरला (त्या कामाच्या माहितीसाठी दिलेल्या मेमरीला) हात लावायचा नाही.