पडणार हे नक्की, कुठे ते विचारू नका

2022 सालच्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग जाताना दिसली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. वर्षभरापूर्वी उडालेल्या चिनी लाँग मार्च 3बी रॉकेटचे हे अवशेष, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. अनेकांना ती उल्का वाटली. पण उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेकदा क्षणात विझते. कक्षेतला कचरा त्याहून सावकाश, जवळजवळ आडवा येतो, म्हणून बराच वेळ दिसतो. पाडव्यालाच पडला यात शकुन-अपशकुन काही नाही.

ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगता येते, मग असा कचरा कधी आणि कुठे पडेल ते का नाही? घोळ घालते ती हवा. 200 किलोमीटरवर हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा अब्जावधी पटींनी विरळ असते, पण तिच्यातून सेकंदाला पावणेआठ किलोमीटरने धावायचं म्हटलं की तीही अडवते. ऊर्जा गेली की वस्तू खाली सरकते, तिथे हवा आणखी दाट, म्हणून आणखी खाली. गंमत म्हणजे या घसरणीत तिचा वेग वाढतो, कारण खालच्या कक्षेत फिरायला वेग जास्त लागतो!

त्यात ही हवा एका जागी राहत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरचं वातावरण तापून फुगतं. 400 किलोमीटरवरची घनता सौरचक्राच्या, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेच्या साधारण अकरा वर्षांच्या चढउताराच्या, तळापासून शिखरापर्यंत दहापटीच्या आसपास बदलते. फेब्रुवारी 2022 मध्ये एका साध्याशा भूचुंबकीय वादळाने, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या माऱ्याने, वरची हवा तापली आणि तिने नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे 49 पैकी 38 इंटरनेट-उपग्रह खाली ओढले. शिवाय वस्तू कोलांट्या खात असते: पत्रा आडवा आला तर रोध जास्त, कडेने गेला तर कमी. म्हणजे क्षेत्रफळ आणि वस्तुमान यांचं गुणोत्तरच दर क्षणी बदलतं.

म्हणून ठोकताळा असा, की उरलेल्या वेळाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी चूक धरायची. एक दिवस उरला असेल तर पाच तास अलीकडे, पाच तास पलीकडे. या दहा तासांत सहाहून जास्त प्रदक्षिणा होतात आणि दर प्रदक्षिणेला खालची पृथ्वी विषुववृत्तावर अडीच हजार किलोमीटर सरकते. शेवटी एका मिनिटाची चूक राहिली तरी साडेचारशे किलोमीटरचा फरक पडतो. तेव्हा आदल्या दिवशी शहराचं नाव घेऊन ‘कोसळणार’ म्हणणाऱ्या वाहिनीला कुडमुड्या जोशाच्या पंगतीला बसवावं.

खात्रीने सांगता येतो तो अक्षांशांचा पट्टा. कक्षेचा विषुववृत्ताशी कल 52 अंश असेल तर त्यापलीकडे, उत्तरेला किंवा दक्षिणेला, काळजी नाही.

जागा आपणच ठरवायची तर इंधन राखून ठेवावं लागतं. इस्रोने 7 मार्च 2023 रोजी मेघा-ट्रॉपिक्स-1 हा हवामान-अभ्यासाचा उपग्रह प्रशांत महासागरावर उतरवला तो असाच: उरलेल्या इंधनावर आधी कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणली, मग शेवटी दोनदा बराच वेळ इंजिन चालवून थेट वातावरणात ढकलला.