मैदानाच्या मापाचे विमान

विजेवर उडणारे, रिमोटने चालणारे छोटे विमान घरी बनवायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा मोटरचा असतो: कोणती घ्यावी, किती ताकदीची घ्यावी आणि कुठून आणावी. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याने मात्र त्याआधी मोजपट्टी घेऊन मैदानावर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडचे मैदान म्हणजे चारी बाजूंना इमारती, एका कडेला दिव्यांचे खांब, दुसऱ्या कडेला क्रिकेटच्या सरावाची जाळी आणि मध्ये फार तर फुटबॉलच्या मैदानाएवढी, म्हणजे शंभर मीटर लांब आणि साठ-पासष्ट मीटर रुंद अशी मोकळी जागा. एवढ्या जागेत विमानाला सुखाने वळता आले पाहिजे, आणि ते किती जागेत वळेल हे मुख्यतः त्याच्या वजनावर ठरते.

वळताना विमान एका बाजूला कलते. पंखांवर निर्माण होणारे वरच्या दिशेचे बल, म्हणजे उत्थापन, त्याबरोबर तिरके होते आणि त्याचा आडवा भाग विमानाला वर्तुळात खेचत राहतो. या वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे विमान ३० अंश कलले, तर त्याच्या वळणाचा व्यास सुमारे ३५ मीटर भरतो. वेग सेकंदाला १४ मीटर झाला, की तोच व्यास ७० मीटर होतो. पहिले विमान मैदानात आरामात घिरट्या घालते, दुसऱ्याला मैदानाची रुंदीच पुरत नाही.

अधिक कलवून वळण आवळता येईल, पण त्याची किंमत मोजावी लागते. ३० अंशांच्या कलात पंखांना विमानाच्या वजनापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त उत्थापन द्यावे लागते आणि ६० अंशांच्या कलात थेट दुप्पट. प्रत्येक विमानाचा एक किमान वेग असतो. त्याखाली गेल्यावर पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि उत्थापन अचानक कोसळते, ज्याला स्टॉल म्हणतात. हा किमान वेग ६० अंशांच्या वळणात ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना सुरक्षित वाटणारे विमान वळणाच्या मध्यावर एक पंख टाकून खाली येते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

आता वजनाकडे येऊ. उत्थापन हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात मिळते. एक मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर होते. आपल्याकडे ३० अंश सेल्सियस तापमानाला एक घनमीटर हवा सुमारे १.१६ किलो भरते. या आकड्यांवरून ५०० ग्रॅमच्या विमानाचा स्टॉलचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास येतो. त्याच्या दीडपट, म्हणजे सेकंदाला १० मीटर, हा निवांत उडण्याचा वेग धरावा. त्याच पंखाखाली एक किलोचे विमान बांधले, तर हे दोन्ही वेग दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पटीने वाढतात आणि वळणाचा व्यास बरोबर दुप्पट होतो. मैदान वाढवणे आपल्या हातात नाही, त्यामुळे ५०० ग्रॅम ही मर्यादा कागदावर लिहून ठेवावी आणि प्रत्येक खरेदीच्या वेळी तिच्याशी ताळा करावा.

सांगाडा कशाचा करायचा, हेही वजनच ठरवते. स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी मिळणारा, दोन्ही बाजूंना कागद असलेला पाच मिलिमीटर जाडीचा फोम बोर्ड या कामाला उत्तम, कारण त्याचा एका बाजूचा कागद कापून दुसऱ्या बाजूवर घडी घालता येते आणि गरम गोंदाच्या बंदुकीने सांधे काही मिनिटांत पक्के होतात. त्याच्यासारखाच दिसणारा सनबोर्ड मात्र जड असतो आणि दुकानदार अनेकदा तोच हातात देतो. म्हणून पूर्ण शीट घरच्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन करावे आणि क्षेत्रफळाने भागावे. चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास आकडा आला तर शीट योग्य आहे. पंख, शेपूट आणि धड मिळून सुमारे अर्धा चौरस मीटर शीट लागते, म्हणजे कापलेल्या तुकड्यांचे वजन १५० ग्रॅम. पंखाच्या पोटात बांबूची गुळगुळीत तासलेली कामटी किंवा कार्बनची पोकळ नळी आडवी बसवली, की तो वाकण्याची भीती राहत नाही.

पंखाच्या आकाराबाबत एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण येथे मोठ्या विमानांचे अनुकरण अंगाशी येते. वाहत्या हवेत जडत्व आणि चिकटपणा या दोहोंचे परस्परप्रमाण रेनॉल्ड्स अंकाने मोजतात. उंचावरून वेगाने जाणाऱ्या प्रवासी विमानाच्या पंखासाठी हा अंक दोन कोटींच्या वर जातो. आपल्या २० सेंटिमीटर रुंद पंखासाठी तो जेमतेम सव्वा लाख असतो. इतक्या लहान अंकाला पंखालगतचा हवेचा थर मंद आणि दुबळा असतो, आणि जाड, फुगीर पाठीवरून उतरताना तो लवकर सुटतो. मग प्रवासी विमानाची हुबेहूब जाड पंखाची प्रतिकृती ओढ, म्हणजे हवेचा विरोध, जास्त आणि उत्थापन कमी देते, तर रुंदीच्या आठ-दहा टक्के जाडीचा, पुढच्या तृतीयांशात सर्वांत उंच असलेला आणि मागे सरळ उतरणारा साधा घडीचा पंख तिच्यापेक्षा सरस ठरतो. ही केवळ गरिबाची तडजोड नव्हे. या आकारमानाच्या हवेला हाच पंख मानवतो.

आता मोटर. बाजारात सहज मिळणारी २२१२ आकाराची (आतला गाभा २२ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर उंच), १००० केव्हीची ब्रशलेस मोटर या विमानाला पुरून उरते. येथे केव्ही म्हणजे एका व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला होणारे फेरे. लिथियम पॉलिमर बॅटरीच्या एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट, म्हणून तीन सेलच्या बॅटरीचा ११.१ व्होल्ट, त्यावर ही मोटर मोकळी असताना मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेईल आणि प्रोपेलर बसवल्यावर साहजिकच कमी. मोटरला तीन तारा असतात आणि ईएससी नावाचे वेगनियंत्रक सर्किट त्यांना आळीपाळीने वीज देऊन चुंबकांना फिरवत ठेवते. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली, की मोटर उलट फिरू लागते.

प्रोपेलरचा रेटा किती, हे जाहिरातीवरून न ठरवता स्वतः मोजावे. मोटर जड लाकडी ठोकळ्यावर उभी घट्ट बसवायची, प्रोपेलर आकडे कोरलेली बाजू मोटरकडे येईल असा लावायचा, फिरण्याची दिशा तारा बदलून जुळवून घ्यायची आणि ठोकळा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. हवा वर फेकली जाते, ठोकळा खाली दाबला जातो आणि काट्यावर रेटा थेट ग्रॅममध्ये दिसतो. हे करताना चेहरा आणि हात प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कधीही आणू नयेत. शिकाऊ विमानाला वजनाच्या ६० ते ७० टक्के रेटा पुरतो, म्हणजे आपल्याला ३०० ते ३५० ग्रॅम. विमानावर चढवताना मात्र प्रोपेलरची आकड्यांची बाजू पुढे हवी आणि तारा पूर्ववत हव्यात. उलट्या बाजूने लावलेला प्रोपेलर फिरतो, आवाजही करतो, पण रेटा बराच कमी देतो.

बॅटरीच्या बाबतीत मोठी घेण्याचा मोह आवरावा. तीन सेलची १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ९० ग्रॅमची असते आणि तिच्यात ११ वॉट-तास ऊर्जा मावते. त्यातली ८० टक्केच वापरायची ठरवली आणि उड्डाणात सरासरी ४५ वॉट खर्च झाले, तरी १२ मिनिटे उडता येते. शिकणाऱ्याचे लक्ष त्याहून जास्त वेळ एकाग्र राहत नाही. विजेच्या विमानाचा इतिहास खरे तर बॅटरीच्या वजनाचाच इतिहास आहे. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी रेडिओ नियंत्रित विमान विजेवर उडवून दाखवले, ही अशा उड्डाणाची पहिली अधिकृत नोंद मानली जाते, आणि त्यासाठी त्यांना चांदी-जस्ताच्या महागड्या बॅटरीचा आधार घ्यावा लागला. पुढे अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीत किलोमागे चाळीस-पन्नास वॉट-तास मावत. आजच्या आपल्या छोट्या बॅटरीत त्याच्या दुपटीहून अधिक मावतात. त्याची जोखीमही ध्यानात घ्यावी. सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, चार्ज होताना घर सोडून जाऊ नये आणि एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी बंद गाडीत ठेवू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

मोटर आणि प्रोपेलर ६० ग्रॅम, ईएससी २५, शेपटीचे हलते भाग वळवणाऱ्या नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो, १८, रिसीव्हर १०, बॅटरी ९०, सांगाडा १५० आणि गोंद, कामटी, सर्व्होच्या तारा यांचे ५० ग्रॅम धरले, तर बेरीज ४०३ होते. उरलेले शंभरभर ग्रॅम दुरुस्त्यांसाठी राखून ठेवावेत. पहिल्या महिन्यात ते गोंदाच्या आणि पट्ट्यांच्या रूपाने विमानावर चढतातच.

वजन जमले तरी ते कुठे आहे, हे तितकेच महत्त्वाचे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्के अंतरावर, म्हणजे आपल्या विमानात ५ ते ६ सेंटिमीटरवर, गुरुत्वमध्य यायला हवा. तेथे पंखाखाली दोन्ही बाजूंना पेनाने खुणा कराव्यात, बॅटरीसह पूर्ण विमान त्या खुणांवर दोन बोटांच्या टोकांवर तोलावे आणि नाक किंचित खाली झुकेपर्यंत बॅटरी पुढे-मागे सरकवावी. वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक वर उचलले, की पंख आणि शेपूट दोहोंवरचे उत्थापन वाढते. या वाढीचा एकत्रित परिणाम जिथे होतो ती जागा गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तरच नाक आपोआप खाली येते. गुरुत्वमध्य तिच्याही मागे गेला, तर प्रत्येक झोत नाकाला आणखी वर ढकलतो आणि कितीही तरबेज हात असला तरी अशा विमानाला सावरणे जवळपास अशक्य होते. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे विमान ११ सेकंद उडवले, ते याच तत्त्वावर: पंखापेक्षा शेपूट थोड्या कमी कोनात बसवलेले आणि वजन पुढे घेतलेले. तो दोन-तीन अंशांचा फरक आपल्याही विमानात ठेवावा. पंखांची दोन्ही टोके चार-पाच अंश वर उचललेली असली, की एक बाजू खाली गेल्यावर विमान स्वतःहून सरळ होते आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे उभे पान), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे आडवे पान) व थ्रॉटल (मोटरचा जोर) एवढ्या तीन नियंत्रणांवर भागते.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा असतो. याच पट्ट्यात सभोवतालच्या शेकडो घरांचे वाय-फाय चालू असते, आणि आधुनिक ट्रान्समीटर वारंवारता सतत बदलत राहत असल्याने सहसा अडचण येत नाही. तरीही संदेश तुटल्यास मोटर बंद होईल अशी फेलसेफची जुळणी करावी आणि प्रोपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून ती तपासावी.

कुठे उडवायचे, हा प्रश्न नवी मुंबईत आता अधिक गंभीर झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि उलवे, पनवेल, खारघर हा सारा परिसर त्याच्या निकट आहे. ड्रोन नियम, २०२१ मध्ये मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे. त्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपले मैदान हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे हे पाहिल्याशिवाय आणि पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश लागू नाही याची खात्री केल्याशिवाय विमान बाहेर काढू नये. ठाण्यात कोलशेत आणि येऊरच्या बाजूला हवाई दलाची ठाणी आहेत, तिकडे जाऊच नये. नोव्हेंबर ते मे या काळात रोहित पक्षी खाडीत उतरतात; २०१५ मध्ये घोषित झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या काठावरची मोकळी जागा कितीही मोहात पाडणारी असली, तरी तेथे विमान उडवणे मला सर्वस्वी अनुचित वाटते.

वेळ सकाळची निवडावी. दुपारकडे समुद्रावरून येणारा वारा सेकंदाला ५ मीटरचा झाला, तर आपले विमान वाऱ्याविरुद्ध जमिनीच्या मानाने ५ मीटरने रांगते आणि वाऱ्याबरोबर १५ मीटरने धावते. त्यात इमारतींच्या आडोशाला हवेचे भोवरे उठतात. सूर्योदयानंतरचे तास-दोन तास हवा बहुधा स्थिर असते. पावसाळ्यात फोम बोर्डचा कागद दमट होऊन सुटतो, तेव्हा ते महिने बांधणीला द्यावेत.

पहिल्या फेकीसाठी गवताचा कोपरा शोधावा. तोंड वाऱ्याकडे, थ्रॉटल तीन-चतुर्थांश, आणि विमान क्षितिजाच्या समांतर, नाक वर न करता, सोडावे. १५ मीटर उंची येईपर्यंत वळू नये. त्यानंतर अर्ध्या थ्रॉटलवर हात सैल सोडून विमान काय करते ते पाहावे: नाक सारखे वर जात असेल तर आधी बॅटरी पाच मिलिमीटर पुढे घ्यावी, तेवढ्याने भागले नाही तरच एलिव्हेटरच्या ट्रिमला, म्हणजे त्याची मधली स्थिती किंचित बदलणाऱ्या ट्रान्समीटरवरच्या बटणाला, हात लावावा, आणि शेवटी जमलेली बॅटरीची जागा धडावर रेघ मारून कायमची नोंदवून ठेवावी.