तेल काळं पडलं, म्हणून काय झालं?

बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीच्या पट्ट्यात, गल्लीगल्लीत एक तरी पिकअप उभी दिसते. भाजी आणि रताळ्यांची पोती भरून ती रात्री जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरते आणि उजाडायच्या आत गोव्यात पोचते. अशीच एक डिझेल पिकअप आमच्या शेजारी आहे. शेजारच्या पोरानं यंदा पहिल्यांदाच तिचं इंजिन ऑइल घरी बदललं आणि आठ दिवसांनी तेल मोजायची गेजकाटी हातात धरूनच माझ्याकडं आला.

"मामा, नवीन तेल घातलंय न्हवं? हे बघा, परत काळंच की! दुकानदारानं फसवलं काय?"

दुकानदारानं फसवलं नव्हतं. तेल काळं पडलं होतं, कारण ते आपलं काम करत होतं. हे नीट कळायचं तर तेल इंजिनात नेमकं काय करतं, इथून सुरुवात करावी लागते.

तेल म्हणजे बुळबुळीत करणारी वस्तू, एवढंच आपण धरून चालतो. 1883 साली बीचम टॉवर नावाचा इंग्लिश इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर, म्हणजे आस ज्याला टेकून फिरतो त्या भागावर, प्रयोग करत होता. तेल घालायला त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल उलटं वर यायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथं दाबमापक लावला. बेअरिंगवर भाराचा सरासरी दाब दर चौरस इंचाला 100 पौंड होता आणि काटा 200 च्याही पुढं गेला. म्हणजे बेअरिंगवरचा सगळा भार तेल स्वतः उचलून धरत होतं, धातू धातूला टेकतच नव्हता. तीन वर्षांनी, 1886 मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं: फिरणारा आस आपल्यासोबत तेल ओढत नेतो, पुढं जागा निमुळती होत जाते, आणि त्या अरुंद फटीत कोंडलेलं तेल पाचरीसारखं आसाला वर उचलतं. पावसाळ्यात हायवेवर साचलेल्या पाण्यातून भरधाव गेलं की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतात आणि स्टिअरिंग हलकं होतं, त्यामागंही हेच कारण असतं. रस्त्यावर ही पाचर जीव घेते, इंजिनात तीच जीव वाचवते.

आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य आस, घडतात. तिथं ग्राइंडिंगवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यासाठी ते किती जपतात. एवढ्या निगुतीनं घासलेली क्रँक प्रत्यक्षात फिरते ती काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) जाडीच्या तेलाच्या पडद्यावर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. हा पडदा टिकतो तो दोन गोष्टींवर, क्रँकच्या वेगावर आणि तेलाच्या दाटपणावर.

दाटपणा तापमानाप्रमाणं बदलतो. गुऱ्हाळावर गरम काकवी पाण्यासारखी वाहते आणि थंडीतल्या सकाळी तीच डब्यातून उतरता उतरत नाही. तेलाचं तसं होऊन चालत नाही. गार इंजिनात ते लगेच वर चढलं पाहिजे आणि घाटात तापल्यावर पातळ होऊन पडदाही फाटता कामा नये. डब्यावरच्या '15डब्ल्यू-40' या आकड्याचा अर्थ तोच. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा तापलेल्या तेलाच्या दाटपणाचा. दोन्ही नुसते दर्जाचे आकडे आहेत, अंश सेल्सिअस नव्हेत. ही दुहेरी करामत साधायला तेलात लांबलचक साखळ्यांचे रेणू मिसळतात. थंडीत ते दोऱ्याच्या गुंडीसारखे आकसून बसतात, तापल्यावर सैल होऊन पसरतात आणि तेलाला पातळ होऊ देत नाहीत. मात्र बेअरिंगमध्ये आणि दातेरी चाकांत पिळवटून या साखळ्या हळूहळू तुटतात. तेल 'म्हातारं' होण्याचं हे एक कारण.

दुसरं कारण काजळी. डिझेल जळताना तयार होणारी थोडी काजळी पिस्टनच्या कडेनं खाली उतरते. तिचे कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही बारीक. ऑइल फिल्टरचा घड्यांचा कागद भरवशानं अडवतो ते वीस-तीस मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण. काजळी त्यातून खुशाल आरपार जाते. ती धरायचं काम फिल्टरचं नाहीच. तेलातली काही रसायनं प्रत्येक कणाला वेढून वेगळं ठेवतात, एकमेकांना चिकटून गोळे होऊ देत नाहीत. काजळी अशी तेलभर विखुरलेली राहते, म्हणून ते काळं दिसतं. मला तर काळ्या तेलापेक्षा महिनोन्‌महिने वापरूनही सोनेरी राहणाऱ्या डिझेलच्या तेलाची जास्त काळजी वाटेल. त्यातली काजळी गेली कुठं?

तेलात आम्लंही साचतात. इंधनातल्या गंधकातून, जळताना तयार होणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून, तापलेल्या तेलाच्या स्वतःच्या ऑक्सिडेशनमधून. ती मारायला तेलात कॅल्शियमची अल्कधर्मी संयुगं असतात. आंबट जमिनीत आपण चुना टाकतो, तसंच हे. 1 एप्रिल 2020 पासून, बीएस-6 हे धुराचे नवे नियम आल्यावर, डिझेलमधलं गंधक दशलक्षात 50 भागांवरून 10 वर आलं. पण बीएस-6 गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळीही आली. काजळी तिथं जाळून टाकता येते, तेलातल्या धातूंची राख जळत नाही, ती जाळी कायमची बुजवते. म्हणून नव्या गाडीत कमी राखेचं, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचंच तेल घाला. यात काटकसर करू नका, ती जाळी फार महाग आहे.

मग रंगावरून नाही, तर तेल संपलं हे ओळखायचं कशावरून? मुख्य म्हणजे पुस्तकातल्या किलोमीटर आणि महिन्यांवरून. आणि रोज घाट चढणाऱ्या, लाल धुळीत फिरणाऱ्या गाडीला पुस्तकातला 'खडतर वापरा'चा तक्ता लागू होतो. पण एक सोपा प्रयोग घरीही होतो. गरम तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाका, कागद वाटीच्या काठावर अधांतरी ठेवा आणि काही तास थांबा. डाग करडा होत बाहेरच्या बाजूला विरत गेला, तर तेल अजून काजळी वाहून नेतंय. मधोमध काळाकुट्ट ठिपका, त्याला धारदार कड आणि भोवती जवळजवळ कोरं कडं दिसलं, तर काजळीचे गोळे व्हायला लागलेत. शेजारच्या पोराचा डाग छान विरत गेला होता. काटीवर तेल दुधट दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, आणि पातळी वाढलेली दिसली व डिझेलचा वास आला तर इंधन उतरतंय. कमी झालेल्या तेलाकडं सगळे बघतात. वाढलेलं तेल तितकंच घातक, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तेल बदलणं तसं अवघड नाही. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे तेल पातळ होतं आणि घाण तळाला न बसता त्याच्यासोबत बाहेर येते. घाटातून आल्या आल्या मात्र खाली शिरू नका, शंभर अंशांच्या आसपासचं तेल कातडी सोलतं. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड. पिकअप उंच असल्यामुळं बहुधा जॅक लागत नाही. लागलाच तर खाली स्टँड लावल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, गाडीखाली जाऊ नका. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट सुटताच धार आधी लांब पडते आणि पातळी उतरेल तशी जवळ येते, तेव्हा घमेलं सरकवत राहा. नटाचा वायसर मऊ धातूचा असतो, दाबून बसतो आणि गळती थांबवतो. तो दरवेळी नवा घाला. नट आधी बोटांनीच फिरवा. आटे गेले तर चेंबरच बदलावं लागतं.

डब्यासारखा फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर चालू इंजिनात तेल फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. नव्या रिंगेला तेल लावा, ती टेकली की हातानं साधारण पाऊण फेरा, बस्स. नवं तेल खुणेपर्यंतच. जास्त झालं तर क्रँक त्यात घुसळते, फेस होतो, आणि हवेचे बुडबुडे दबतात, म्हणून फेसाची पाचर भार उचलत नाही. पहिल्यांदा चालू करताना एक्सलेटर दाबू नका. फिल्टर भरून तेलाचा दिवा विझेपर्यंतची ती काही सेकंदं क्रँक जवळजवळ कोरडीच फिरत असते.

उरतं ते घमेल्यातलं काळं तेल. ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात, मी लहानपणापासून पाहत आलोय. त्यात झिजलेल्या धातूंचा चुरा असतो आणि कर्करोगाशी जोडलेली संयुगंही. हातमोजे घाला, अंगाला लागलं तर साबणानं धुवा. मलप्रभा कणकुंबीला उगवते, याच पिकअप जातात त्या रस्त्याच्या कडेला. बेळगावला पाणी पाजणारं राकसकोप धरण आमच्या शिवारांच्या पलीकडंच. एकदा जमिनीत मुरलेलं तेल तिथून काढता येत नाही. खरं तर वापरलेल्या तेलाचा मूळ रेणू फारसा झिजलेला नसतो, संपलेली असतात ती त्यातली रसायनं. शुद्ध करून त्याचं पुन्हा तेल करता येतं. वापरलेलं तेल परत गोळा करण्याची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून नियमानं तेल बनवणाऱ्यांवरही आली आहे. आपल्या हातात एवढंच की ते पाणी-डिझेल न मिसळता झाकणाच्या डब्यात भरून, परवाना असलेल्या तेल गोळा करणाऱ्याकडं जाईल अशा गॅरेजला द्यावं.

पोरानं जुना फिल्टर तसाच उकिरड्याजवळ टाकला होता. आम्ही तो उचलून आणला, त्याच्या पाठीला भोक पाडलं आणि रात्रभर डब्यावर पालथा ठेवला. पिकअप रताळी घेऊन चोर्ल्याला लागली होती. सकाळी डब्यात आणखी पेलाभर तेल जमलं होतं.