घरी पॅलिएटिव्ह केअर हवी? आधी डॉक्टरांची चिठ्ठी, दाखले नंतर

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं की बरीच कुटुंबं पहिली कुठे जातात, तर सेतू केंद्रात, उत्पन्नाचा दाखला काढायला. धर्मादाय संस्था म्हणजे आधी गरिबी सिद्ध करावी लागणार, हा समज फार पक्का आहे. त्यात आठवडा निघून जातो आणि घरी माणूस दुखण्याने तळमळत असतो. दाखला हातात आल्यावर कळतं की तो कोणी मागितलाच नव्हता. जो कागद हवा होता, तो रुग्णालयातून घ्यायचा राहून गेला.

पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालतं. तिथली सेवा मोफत आहे आणि पुण्यात ते लोक घरीही येतात. मुंबईत पालकेअर ही संस्था घरी जाऊन मोफत सेवा देते. टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभाग आपल्या रुग्णांना मुंबईत घरी भेटी देतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून मोफत सेवा देतं, पण तिथे रुग्णाला दाखल करावं लागतं. घरी डॉक्टर पाठवा म्हणून तिथे फोन करण्यात अर्थ नाही.

सगळीकडे अर्जाची सुरुवात फोनने होते. नाव, वय, आजार, पत्ता सांगायचा, फाईल दाखवायची, मग पहिली भेट ठरते. अडतं ते फाईलपाशी.

खरा कागद म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी. निदान काय, आजार कुठवर पसरलाय, आतापर्यंत काय उपचार झाले, ते थांबवले की चालू आहेत, सध्याच्या गोळ्या कोणत्या, आणि पॅलिएटिव्ह केअरसाठी पाठवत आहोत, एवढं त्यात हवं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. दहा मिनिटांचं काम, पण काही डॉक्टर ते लेखी द्यायला का कचरतात कोण जाणे. तोंडी "काही उरलं नाही" म्हणणारेही कागदावर मोघम लिहितात. त्यात घाईघाईत घरच्यांची "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत" यावर सही घेतलेली असते. असं डिस्चार्ज कार्ड पाहून घरी येणाऱ्या टीमला कळत नाही की उपचार संपले होते, की पैसे संपले होते. सही करण्याआधी कागद वाचा आणि चिठ्ठी मागा. डॉक्टर भेटत नसतील तर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना गाठा. त्यांच्या शब्दावर ही चिठ्ठी पुष्कळदा निघते.

कॅन्सर असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. फार वय झालेल्यांची बायोप्सी कधी केलेलीच नसते, नुसत्या स्कॅनवर निर्णय झालेला असतो. तसं असेल तर तेही चिठ्ठीत लिहून घ्या, नाहीतर नसलेला रिपोर्ट शोधत बसाल.

पत्त्याचा घोळ कायमचा. संस्था आधारवरचा पत्ता बघत नाही, रुग्ण आज कुठे आहे ते बघते. आधार साताऱ्याचं आणि आई लेकीकडे कोथरूडला, तर कोथरूडचाच पत्ता सांगा. उलट आधार पुण्याचं असलं तरी माणूस गावी नेलेला असेल तर पुण्याची टीम तिथे पोचणार नाही. गावी नेण्याचा विचार असेल तर निघायच्या आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्येही ती धरलेली आहे. प्रत्यक्षात कुठे काय मिळेल ते तिथल्या माणसांवर. आशाताईंना विचारलेलं बरं.

फक्त कॅन्सरच लागतो असं नाही. थकलेलं हृदय, निकामी मूत्रपिंड, फुप्फुसाचा जुना आजार, डिमेन्शिया, यांतही ही सेवा लागते, पण कोणती संस्था कोणते आजार घेते ते फोनवरच विचारून घ्या. "अजून केमो चालू आहे, मग कसं मागायचं?" म्हणून थांबू नका. लोक अगदी शेवटच्या दोन दिवसांत फोन करतात आणि टीम येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. घरी सतत सोबत असणारं एक मोठं माणूस मात्र हवं. टीम म्हणजे चोवीस तासांची नर्स नव्हे. ब्युरोतून मावशी ठेवल्या तर तो खर्च तुमचा.

"आजोबांना काही सांगू नका" हे दारातच कुजबुजण्याऐवजी पहिल्या फोनवर सांगा. टीम आपणहून विषय काढणार नाही. पण आजोबांनीच सरळ विचारलं तर ते लोक खोटंही बोलणार नाहीत.

तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाहीत. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला, तेव्हापासून त्या मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून दिल्या जातात. गोळ्यांची चिठ्ठी जपून ठेवा, उरलेल्या गोळ्या संस्थेत परत करा. आणि "व्यसन लागेल" म्हणून डबा कपाटात लपवू नका. फार घरांत पाहिलंय हे.

उत्पन्नाचा दाखला कामी येतो तो संजय गांधी निराधार योजनेत. कॅन्सर रुग्णही त्यात बसतात, पण वय ६५ च्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत हवं. अर्ज तहसील कार्यालयात. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, काढल्यापासून वर्षभर चालत नाही. फेब्रुवारीत काढून एप्रिलमध्ये नेलात तर परत पाठवतील. महात्मा फुले योजना किंवा मुख्यमंत्री सहायता निधी रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, घरच्या सेवेला त्यातून काही मिळत नाही.

शेवटची अडचण कोणी आधी विचारत नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, फॉर्म ४-अ, शेवटच्या आजारात ज्यांनी पाहिलं त्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. रुग्णाला कधी न पाहिलेले डॉक्टर रात्री दोनला सही करणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: दाखला तुम्ही द्याल का? नसेल तर जवळच्या फॅमिली डॉक्टरांना एकदा घरी आणून केस पेपर करून ठेवा. नोंदणी २१ दिवसांत, घरच्यांनीच करायची. नंतर विलंब शुल्क लागतं आणि ३० दिवसांपुढे परवानग्यांचं लफडं सुरू होतं. दाखल्यावरचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, हे डॉक्टरांसमोरच वाचून बघा. "बाबूराव" आणि "बाबुराव" एवढ्यावरून बँका विधवा बाईला खेपा घालायला लावतात.