बूस्टर ओढत नाही, हवा ढकलते

मित्राने त्याच्या जुन्या पद्मिनी गाडीला मागच्या महिन्यात पुढे डिस्क ब्रेक बसवले, सोबत बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. इंजिन त्याने आधीच डिझेलचं टाकलेलं. गाडी घेऊन आला आणि वैतागून म्हणाला, एवढे पैसे घातले आणि ब्रेक आधीपेक्षा वाईट, पायडल दगड झालंय. गंगापूर रोडला एक चक्कर मारली तर खरंच, तीन सिग्नलमध्ये माझी मांडी भरून आली. गॅरेजवाला म्हणे, नवीन आहे, सेट होईल.

होणार नाही. कारण सांगतो.

पद्मिनीला कंपनीचे चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारं भांडं, त्याला आतून शू घासतात. ड्रम ब्रेकची एक गंमत असते, पुढचा शू ड्रमला टेकला की फिरता ड्रमच त्याला स्वतःकडे ओढून घेतो, दाराखाली पाचर कशी दार ढकलाल तशी घट्ट बसते ना, तसं. म्हणजे थोडा जोर तुमचा, उरलेला चाकाचा. डिस्कला ही फुकटची मदत नाही, फिरत्या चकतीवर दोन्ही बाजूंनी पॅड नुसते दाबले जातात. डिस्क तापल्यावर पण नीट लागते हे खरं, पण पाय जास्त मागते. म्हणून डिस्क घ्यायची तर बूस्टरचा हिशोब सोबतच करायचा.

आता बूस्टर. सगळे म्हणतात व्हॅक्यूम पायडल ओढतो. व्हॅक्यूम काही ओढत नाही हो, तिथे काही नसतंच! डब्यात मधोमध रबरी पडदा, दोन्ही बाजूंची हवा इंजिनने खेचून घेतलेली, त्यामुळे पडदा निवांत. पाय ठेवला की आतला व्हॉल्व्ह दोन्ही बाजू एकमेकींपासून तोडतो आणि मागच्या बाजूला बाहेरची हवा सोडतो (ती बारीक सुस्स ऐकू येते ती हीच) आणि ती हवा पडद्याला पुढे रेटते. 9 इंची बूस्टर म्हणजे साधारण 400 चौरस सेंटीमीटर पडदा, दाबातला फरक दर चौरस सेंटीमीटरला 0.6 किलो धरला तर 240 किलो, म्हणजे पायडलच्या पुढे, ब्रेकचं ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर, चार माणसांचं वजन. नाशिक 600 मीटरवर आहे त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा 6-7 टक्के कमी दाबते, चौघांपैकी एक जरा बारीक समजा.

पण हा व्हॅक्यूम येतो कुठून? पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) बंद असताना पिस्टन हवा मागतात आणि वाट अडलेली असते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये. डिझेलला असा थ्रॉटल नसतोच! मित्राच्या बूस्टरचा पाइप मॅनिफोल्डलाच जोडला होता, म्हणजे चार माणसं बोलावली आणि दार बंद. डिझेल गाड्यांना वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच गाड्यांत तो ऑल्टरनेटरच्या मागेच असतो. पेट्रोलवाल्यांनी पण रेसिंग कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) टाकला तर गाडी उभी असताना, आयडलला, व्हॅक्यूम पडतो, तिथेही हेच रडगाणं.

गॅरेजवाल्याचा दुसरा उपाय, मास्टर सिलिंडर मोठा टाकू. शाळेतला पास्कल आठवा, दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. पाऊण इंच व्यासाचा एक इंच केला तर क्षेत्रफळ 1.78 पट, त्याच पायाने ऑइलचा दाब 56 टक्क्यांवर. पायडल वरच लागतं म्हणून ब्रेक भारी वाटतो, असतो उलटाच. कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) ऑइल जास्त लागतं म्हणून थोडा मोठा घ्यावा लागेलही, पण मोजून.

आणि लाल रंगाचे कॅलिपर, बोनेटला लिंबू-मिरची, दोन्हींनी गाडी सारखीच थांबते. शेवटी पकडायचं टायरने. कसाऱ्याच्या घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना तर हात जोडतो, डब्यातला साठा दोन-तीन ब्रेकचा, मग पुन्हा दगड, तोही उतारावर.

घरी तपासायचं तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पायडल दाबा, कडक होईल, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पायडल थोडं खाली गेलं पाहिजे. पंप लावल्यावर मित्राने काल हे केलं, पाय खाली गेला तसा दचकून म्हणाला, अरे फुटलं काय काही?