मुरगावच्या धक्क्यावरून: तटस्थ कोण, अलिप्त कोण?

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी एक वाक्य हमखास भेटतं: ‘भारताचं परराष्ट्र धोरण अलिप्ततेचं, म्हणजेच तटस्थतेचं आहे.’ त्या ‘म्हणजेच’पाशी माझं लाल पेन थांबतं. मुलांना दोष देत नाही. मथळे, वाहिन्यांवरच्या चर्चा, बाजारातली मार्गदर्शकं, सगळीकडे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसवले जातात. मग त्याच गोंधळातून पुढचा प्रश्न निघतो: ‘अलिप्त म्हणवणाऱ्या देशाने गोव्यात, पूर्व पाकिस्तानात, श्रीलंकेत फौजा कशा पाठवल्या? हा दुटप्पीपणा नाही का?’ हस्तक्षेपाबद्दल प्रश्न विचारायलाच हवेत. पण हा प्रश्न चुकीच्या शब्दावर उभा आहे.

अलिप्ततावाद तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे भरभर. महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ असे दोन गट. नेहरू, युगोस्लाव्हियाचे टिटो, इजिप्तचे नासर, इंडोनेशियाचे सुकार्णो, घानाचे एन्क्रुमा यांनी कोणत्याच गटाच्या लष्करी करारात न शिरण्याची भूमिका घेतली. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला २५ देशांची पहिली शिखर परिषद झाली. एवढंच सांगतो की १९५५च्या बांडुंग परिषदेला अलिप्ततावादी चळवळीची स्थापना म्हणू नका. तिथे चीन होता, आणि अमेरिकेच्या करारांत असलेले पाकिस्तान आणि तुर्कस्तानही होते.

आता शब्दांकडे पाहू, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदीत दोघांची झुंज चाललीय आणि हा काठावर आहे. अंग कोरडं, कारण पाण्यात पाऊलच नाही. अलिप्त म्हणजे ज्याला लेप लागत नाही तो. कमळाचं पान पाण्यातच असतं, पाण्यावरच जगतं, पण पाणी त्याला चिकटत नाही. एक प्रवाहाच्या बाहेर, दुसरा प्रवाहाच्या आत. घोळ होतो तो रोजच्या बोलण्यामुळे. ‘तो घरच्या भांडणात अलिप्त असतो’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला काठावरचाच माणूस अभिप्रेत असतो. म्हणून मी मुलांना ‘गटनिरपेक्ष’ लिहायला सांगतो. शब्द जरा रुक्ष आहे, पण कशापासून दूर राहायचं ते तो स्वतःच सांगतो: गटापासून. युद्धापासून नव्हे, मत देण्यापासून नव्हे, अन्यायाविरुद्ध उभं राहण्यापासून तर नव्हेच.

तटस्थता ही मनाची वृत्ती नाही, कायद्याची अवस्था आहे. दोन देशांत युद्ध पेटलं की तिसऱ्या देशाला ती लागू होते. तिचे नियम १९०७च्या हेग करारांत लिहिलेले आहेत आणि ते बरेच काटेकोर आहेत. हक्क मिळतो तो मोठा: तटस्थाच्या भूमीवर कोणी पाऊल ठेवायचं नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. लढणाऱ्यांच्या फौजा आपल्या भूमीतून जाऊ द्यायच्या नाहीत. सरकारने कोणत्याही बाजूला दारूगोळा पुरवायचा नाही. पळून आलेली पलटण आत घेतली, तर शस्त्रं काढून घेऊन तिला नजरकैदेत ठेवायचं. लढाऊ जहाज बंदरात शिरलं, तर एरवी २४ तासांत बाहेर काढायचं. डिसेंबर १९३९ मध्ये ‘ग्राफ श्पे’ ही जर्मन युद्धनौका जखमी होऊन तटस्थ उरुग्वेच्या मोंतेविदेओ बंदरात आली. उरुग्वेने दुरुस्तीसाठी ७२ तास दिले, त्यापुढे नाही. बाहेर ब्रिटिश नौका टपलेल्या. १७ डिसेंबरला कप्तानाने स्वतःच जहाज बुडवलं. उरुग्वेने एक गोळीही झाडली नव्हती, फक्त घड्याळ पाळलं होतं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर गोव्यातल्या मुरगाव बंदराला या. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगाल तटस्थ राहिला, आणि म्हणून गोवाही. जर्मनीची तीन मालवाहू जहाजं, ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’, ब्रिटिशांच्या तावडीतून सुटायला मुरगावच्या आसऱ्याला आली. पुढे ‘अँफोरा’ हे इटालियन जहाजही तिथेच अडकलं. ही युद्धनौका नव्हेत, व्यापारी जहाजं. त्यामुळे २४ तासांचा नियम त्यांना लागू नव्हता. वर्षानुवर्षं ती नांगर टाकून उभी. सभोवार सगळा हिंदुस्थान ब्रिटिशांचा, पण या चार जहाजांना हात लावायची सोय नाही. ‘एरेनफेल्स’वरच्या गुप्त बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर जाते, असा ब्रिटिशांना संशय होता. उघड नौदल पाठवावं तर तटस्थ देशावर हल्ला ठरणार. म्हणून त्यांनी कलकत्त्यातले, कचेऱ्यांत काम करणारे मध्यमवयीन गोरे गृहस्थ गोळा केले, हौशी स्वयंसेवक दलातले. एका जुन्या मालवाहू होडक्यात बसून ही मंडळी मार्च १९४३ मध्ये रात्री मुरगावात शिरली. ‘एरेनफेल्स’चा कप्तान मारला गेला आणि पकडले जाण्याआधी खलाशांनी चारही जहाजं बुडवली. ब्रिटिशांनी ही गोष्ट पुढची तीसेक वर्षं लपवून ठेवली. तटस्थतेला खरंच वजन असतं ते इथे दिसतं: साम्राज्यालासुद्धा ती मोडताना तोंड लपवावं लागलं.

त्याच बंदरात, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरं दृश्य घडलं. जपानचं ‘तेइया मारू’ आणि स्वीडनचं ‘ग्रिप्सहोल्म’ ही जहाजं मुरगावला आली. एकीत जपानच्या ताब्यातले अमेरिकी आणि इतर नागरिक, दुसरीत अमेरिकेकडून सोडलेले जपानी. दोन्हीकडे सुमारे दीड-दीड हजार माणसं, बायका-मुलांसकट. भर युद्धात शत्रूंनी आपापली माणसं बदलून घेतली, कारण ती जागा दोघांचीही नव्हती. तटस्थतेला भ्याडपणा म्हणणाऱ्यांनी त्या धक्क्यावरची ती पोरं डोळ्यांपुढे आणावीत.

आता खरी गाठ. हाच पोर्तुगाल ब्रिटनचा करारबद्ध मित्र होता, आणि तो करार १३७३ पासूनचा. म्हणजे गोवा सांभाळणारा देश एका बाजूशी मैत्रीच्या कराराने बांधलेला होता आणि युद्धात तटस्थही होता. दोन्ही एकाच वेळी. (त्याच ऑक्टोबरात त्याने अझोर्स बेटांवरचे तळ ब्रिटिशांना वापरायला दिले आणि तटस्थता बरीच ताणली, हेही खरं.) अठरा वर्षांनी, त्याच भूमीवर, चित्र नेमकं उलटं झालं. बेलग्रेडची परिषद सप्टेंबर १९६१ मध्ये झाली आणि १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. भारत तेव्हा कोणत्याही गटात नव्हता, अगदी शंभर टक्के अलिप्त. आणि तटस्थ? तो स्वतः लढणारा पक्ष होता!

म्हणून मी हे दोन वेगवेगळे प्रश्न मानतो. गटात आहेस का, हा शांततेतही विचारायचा प्रश्न. त्याचं उत्तर एकतर युती किंवा अलिप्तता. या युद्धात लढतोस का, हा युद्ध पेटल्यावरचा प्रश्न. उत्तर एकतर युद्धमान किंवा तटस्थ. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही. लष्करी हस्तक्षेपाचं वाकडं आहे ते तटस्थतेशी, अलिप्ततेशी नाही. स्वित्झर्लंडसारख्या कायम तटस्थ देशाने दुसऱ्यांच्या युद्धात पलटण धाडली तर त्याने शब्द मोडला. भारताने धाडली तर ती बरोबर की चूक याचा निवाडा करता येतो, करायलाच हवा, पण ‘अलिप्तता मोडली’ हे कलम त्यात लागत नाही. नेहरूंनी १३ ऑक्टोबर १९४९ला अमेरिकेच्या काँग्रेससमोर हेच स्पष्ट सांगितलं होतं: स्वातंत्र्य धोक्यात असेल, न्यायावर घाला येत असेल किंवा आक्रमण होत असेल, तिथे आम्ही तटस्थ राहू शकत नाही आणि राहणार नाही. अलिप्ततेच्या शिल्पकारानेच तटस्थता नाकारली होती, तीही अमेरिकेत उभं राहून. इतकं असूनही ‘म्हणजेच’ छापलं जातं याचा मला खरोखर त्रास होतो.

गोवामुक्तीला मी परकीय हस्तक्षेप मानत नाही. वसाहत संपवणं हा हस्तक्षेप नव्हे. पण सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी त्याला हस्तक्षेपच ठरवलं. त्यांच्या ठरावाला ७ मतं पडली, विरोधात ४, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो बारगळला. विरोधातल्या बाकी तिघांत बेलग्रेडला आलेले सिलोन (आजची श्रीलंका) आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) होते. टीका करायची तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या बळाच्या वापराबद्दलच्या कलमांवरून करा, जगाला वाटाघाटी शिकवणाऱ्याने बंदूक उचलली म्हणून करा. ती टीका निदान खऱ्या मुद्द्यावर असेल.

अलिप्ततेला खरा डाग कुठे लागला, असं विचाराल तर मी १९५६कडे बोट दाखवीन. सुएझवर ब्रिटन-फ्रान्सने हल्ला केला तेव्हा भारताने कडक शब्दांत निषेध केला, आणि त्याच दिवसांत हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा आपली जीभ जड झाली. गटाकडे न झुकता प्रत्येक प्रश्न स्वतःच्या मापाने तोलणं हीच अलिप्ततेची अट. तिथे आपलं माप डगमगलं. १९७१चा भारत-सोव्हिएत करारही तपासण्यासारखा आहे. संकटात परस्परांशी सल्लामसलत करण्याचं कलम त्यात आहे, आणि ‘भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर’ करण्याचंही आहे. माझ्या मते तो युतीच्या उंबरठ्यापर्यंत गेला, आत गेला नाही. पण हा वाद प्रामाणिक वाद आहे. श्रीलंकेतल्या शांतिसेनेचं तसंच: १९८७ ते १९९० मध्ये सुमारे १,२०० भारतीय जवान गेले. त्या निर्णयाचा हिशेब मागताना अलिप्तता आड येत नाही आणि बचावालाही येत नाही.

आणि तटस्थ म्हणजे मुका, हेही खोटं. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडने रशियावर युरोपीय संघासारखे निर्बंध लादले, पण स्विस बनावटीचा दारूगोळा युक्रेनला द्यायची जर्मनीची विनंती नाकारली. मत उघड, हात बांधलेले.

राहिला मथळ्यांचा प्रश्न. २५ फेब्रुवारी २०२२ला सुरक्षा परिषदेत भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती यांनी रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाच्या बाजूनेही मत दिलं नाही, विरोधातही नाही. दुसऱ्या दिवशी ‘भारत तटस्थ’. मग चीनही तटस्थ का? ‘मतदानापासून दूर राहिला’ लिहा. जागा थोडी जास्त लागते, पण अर्थ शाबूत राहतो.

‘मग सर, भारत कधी खरोखर तटस्थ होता का?’ असं एका मुलीने विचारलं होतं. होता, कोरियात. १९५३च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांसाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला. अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, भारत, आणि सोव्हिएत गटातले पोलंड व चेकोस्लोव्हाकिया! त्यांना तटस्थ म्हटलं, कारण त्यांच्या फौजा त्या युद्धात लढल्या नव्हत्या. शस्त्रसंधीतली व्याख्याच तशी होती. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडेच परत सोपवले, तेव्हा दोन्ही बाजू चिडल्या. ८८ जण मात्र कोणत्याच बाजूकडे गेले नाहीत. त्यांनी तटस्थ देश मागितला होता, आणि ते भारतात आले.